पाखऱ्याला पुन्हा भूल द्यावी का?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. घरी आठ वर्षांचा कारवानी (सडपातळ, शिकारी जातीचा) कुत्रा, वजन २४ किलो. (त्याचं खरं नाव बदलून इथे पाखऱ्या म्हटलं आहे.) दिवाळीपासून त्याच्या डाव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येतं, शिंका येतात. आधी गोचीडताप धरून महिनाभर गोळ्या दिल्या. प्लेटलेट वर आल्या, रक्त मात्र थांबलं नाही. स्थानिक डॉक्टरांच्या सल्ल्यानं संक्रांतीनंतर पुण्याला नेऊन भूल देऊन नाकाचा सीटी स्कॅन केला. साधा स्कॅन नीट झाला. मग शिरेतून डाय दिली आणि तीन-चार मिनिटांत नाडी वाढली, बीपी पडलं, डोळ्यांभोवती सूज आली, पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी लगेच उपचार केले, स्कॅन तिथेच थांबवला आणि रात्रभर ठेवून घेऊन सकाळी घरी सोडलं. आता डॉक्टर म्हणतात, पुढे जायचं तर पुन्हा भूल द्यावी लागेल. नवरा म्हणतो, ‘एकदा वाचला, आता त्याला हात लावायचा नाही.’ मुलगा म्हणतो, पुन्हा स्कॅन करा. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून घरातलं आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणलंय. ‘संमतीपत्रावर सही मीच केली होती. आता पुन्हा सही करू की नको?’ असं त्या विचारतात.

ताई,

सहीचा उल्लेख तुमच्या पत्रात तीनदा आलाय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्या जनावराचा घोळणा तीन महिने थांबत नाही त्याला सव्वादोनशे किलोमीटर नेऊन तपासून घेतलंत, यात तुमची काहीही चूक नाही. रिअ‍ॅक्शन आली तेव्हा पाखऱ्याच्या घशात श्वासाची नळी होती, पायाच्या शिरेत सुई होती, नाडी आणि बीपीचं मशीन चालू होतं आणि शेजारी जाणतं माणूस उभं होतं. हाच प्रकार रानात मधमाश्या चावून झाला असता तर यातलं काहीच हाताशी नसतं. बीपी पडलेलं कळायला वेळ लागला नाही, औषध जायलाही लागला नाही, म्हणून तो आज तुमच्या अंगणात उन्हाला पडलाय.

आता तुम्ही धरून चाललेल्या काही गोष्टी तपासून बघू.

तुम्ही लिहिता, ‘त्याला डायची अ‍ॅलर्जी निघाली.’ डाय म्हटलं की डोळ्यांपुढे रंग येतो. प्रत्यक्षात ते पाण्यासारखं स्वच्छ, जरासं चिकट औषध असतं आणि त्यात आयोडीन बांधलेलं असतं. आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून औषध रक्तातून जिथे जिथे पोचतं तो भाग स्कॅनवर पांढरा उजळतो. नाकात साचलेला शेंबूड उजळत नाही, रक्तपुरवठा असलेली गाठ उजळते. हा फरक कळावा म्हणूनच ते देतात. कुत्र्याला साधारण किलोला दोन मिलीलिटर या हिशेबानं देतात, म्हणजे पाखऱ्याला पन्नासच्या आसपास मिलीलिटर, तेही थोड्या वेळात. जुनी औषधं रक्ताच्या मानानं फारच दाट होती, रक्ताच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त. आता वापरात असलेली आयोहेक्सॉल, आयोपॅमिडॉल ही औषधं बरीच सौम्य आहेत, पण तीही रक्ताच्या दुप्पट-अडीचपट दाट असतात. आयोडिक्सॅनॉल मात्र जवळपास रक्ताइतकंच असतं. म्हणून भुलेतल्या कुत्र्याला हे औषध गेल्यावर नाडी-बीपीत थोडी हालचाल बऱ्याचदा दिसते आणि ती आपोआप थांबते. पाखऱ्याला झालं ते त्यापुढचं आहे. सूज, गांधी आणि बीपी पडणं हे तिन्ही एकत्र आलं की ती अ‍ॅलर्जीसारखी रिअ‍ॅक्शन असते. अशी जोरदार रिअ‍ॅक्शन क्वचित येते, पण आली की ती मनावर घ्यावीच लागते.

‘अ‍ॅलर्जीसारखी’ असं मी मुद्दाम लिहिलं. नेहमीच्या अ‍ॅलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असावी लागते. या औषधाला बऱ्याचदा तशी गरज नसते. ते शरीरातल्या काही पेशींना थेट डिवचतं, त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणून ‘आधी कधी दिलंच नव्हतं, मग आलं कसं?’ या तुमच्या प्रश्नात कुणाची चूक शोधू नका. आणि हे आयोडीनमुळेही होत नाही, ज्या रेणूत ते बांधलेलं असतं त्या अख्ख्या रेणूमुळे होतं. त्यामुळे सैंधवाचा काही उपयोग नाही. आयोडीन तर थायरॉइडला लागतंच. घरात पुन्हा आयोडीनचं मीठ आणा, सगळ्यांना तेच द्या. मासळी किंवा जखमेवर लावायचं बेटाडिन यांचाही याच्याशी संबंध नाही.

आणखी एक शंका मला आहे आणि ती तुमच्या डॉक्टरांनाही आली असेल. डायच्या आगेमागे दुसरं काय दिलं होतं? शिरेतून दिलेलं एखादं अँटिबायोटिक, मॉर्फिन किंवा पेथिडिनसारखं वेदनाशामक, यांनीही अशाच गांधी उठू शकतात. भुलेच्या बहुतेक औषधांनी बीपी थोडं उतरतंच. जागं कुत्रं खाजवतं, उलटी करतं, कासावीस होऊन फिरतं. भुलेतलं कुत्रं यातलं काहीच करू शकत नाही, त्याचं सगळं बोलणं त्या मशीनवरच्या आकड्यांतून होतं. म्हणून ते आकडे तुम्हाला मिळाले पाहिजेत. स्कॅन पुन्हा करा किंवा करू नका, हे काम याच आठवड्यात करा.

भूल देताना डॉक्टर एक तक्ता भरतात. आडव्या ओळीत वेळ, दर पाच मिनिटांना एक रेघ. वर नाडीचे ठिपके, खाली बीपीच्या खुणा, एका कडेला कोणतं औषध किती वाजता किती दिलं. पाखऱ्याच्या तक्त्यावर सगळे ठिपके एका ओळीत चालले असतील आणि एका रेघेवर नाडी वर चढून बीपी खाली कोसळलेलं दिसेल. ती रेघ किती वाजताची, त्याच्या आधी काय गेलं, नंतर काय दिल्यावर किती मिनिटांत आकडे जाग्यावर आले, हे सगळं त्या एका कागदावर असतं. त्याची प्रत मागा. सोबत डायचं, म्हणजे कॉन्ट्रास्ट औषधाचं, नाव, ताकद आणि किती मिलीलिटर गेलं तेही लिहून घ्या. भांडायच्या सुरात मागू नका, ‘पुढच्या डॉक्टरांना दाखवायचाय’ एवढं म्हणालात तरी पुरे. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘रिअ‍ॅक्शन आली’ असं लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावर पुढचा माणूस काहीही ठरवू शकत नाही.

हे मी एवढं ठासून का सांगतोय? नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका गावी एका कुत्र्याला मी पेनिसिलिन टोचलं आणि दोन मिनिटांत ते ओट्यावर आडवं झालं. अशा वेळी लागणारं अ‍ॅड्रिनॅलिन हे औषध माझ्या बॅगेत होतं. पण बॅगेत गाई-म्हशींची औषधं, सलाईनच्या नळ्या, हातमोजे असं सगळं एकात एक. ती छोटी काचेची कुपी सापडेपर्यंत मालकीणबाई कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. कुत्रं वाचलं, पण त्या बाईंची नजर मी विसरलो नाही. त्या दिवसापासून ती कुपी माझ्या शर्टाच्या खिशात असते. पाखऱ्याएवढ्या कुत्र्याला हे औषध फार थोडं लागतं, पाव मिलीलिटरपेक्षाही किंचित कमी. ते आधी मोजून सिरिंजमध्ये भरून ठेवलंय की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पुन्हा स्कॅनला गेलात तर हा प्रश्न तुम्ही तोंडानं विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आता तुमची सगळ्यात मोठी समजूत. ‘स्कॅन अर्धवट राहिला, पैसे आणि जीव दोन्ही पणाला लावून हाती काही लागलं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. साधा स्कॅन पूर्ण झालाय आणि नाकाच्या बाबतीत साधा स्कॅन पुष्कळ सांगतो, कारण हाडं बघायला डाय लागत नाही. नाकाच्या आत कागदाच्या गुंडाळीसारखी नाजूक हाडं असतात. ती कुरतडली गेली आहेत का, नाकाचा पडदा शाबूत आहे का, आणि नाक आणि मेंदू यांच्यामध्ये जी चाळणीसारखी पातळ हाडाची भिंत असते, क्रिब्रिफॉर्म प्लेट म्हणतात तिला, तिला भोक पडलंय का, हे साध्या स्कॅनवर दिसतं. डाय लागते ती गाठ आणि साचलेला चिकट स्राव वेगळे ओळखायला, आणि गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली आहे का हे बघायला. तुमच्याकडे ‘अर्धवट’ म्हणून पडलेली ती सीडी रेडिओलॉजिस्टकडून नीट वाचून घ्या, लेखी रिपोर्ट मागा.

हे महत्त्वाचं अशासाठी की पाखऱ्या कारवानी आहे, लांब तोंडाचा. लांब नाकाच्या कुत्र्यांत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी नाकात घर करते. तीही एका नाकपुडीतून रक्त काढते, आतली हाडं खाते आणि कधीकधी नाकाच्या शेंड्याचा काळा रंग उडवते. गाठ असेल तर गोष्ट वेगळी, बुरशी असेल तर वेगळी. बुरशीवर नाकात औषध भरून उपचार होतात, फक्त त्याआधी ती चाळणीची भिंत शाबूत असल्याची खात्री लागते. आणि ती खात्री, पुन्हा सांगतो, साध्या स्कॅनवरून होऊ शकते. गवताचं कुसळ अडकून राहिलेलं असणं ही शक्यताही आमच्या भागात मी डोळ्यांआड करत नाही, विशेषतः जो कुत्रा रानात सशामागे पळतो त्याच्या बाबतीत.

तेव्हा पुढची पायरी कदाचित दुसरा डायचा स्कॅन नसेलच. नाकातून दुर्बीण घालून बघणं आणि तुकडा काढून तपासायला पाठवणं ही असू शकेल. रोगाला नाव तुकड्यामुळे मिळतं, स्कॅनमुळे मिळत नाही. भूल त्यालाही लागेल, डाय मात्र लागणार नाही. तुकडा काढताना चिमटा आत किती जाऊ द्यायचा हे आधी ठरवतात: नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर बाहेरून मोजायचं आणि चिमट्यावर तेवढ्या ठिकाणी चिकटपट्टी लावायची, म्हणजे मेंदूच्या भिंतीला धोका पोचत नाही. त्याआधी प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी आणि बीपी बघायलाच हवं. गोचीडताप होऊन गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे सोडूच नका. महिन्यापूर्वीचा प्लेटलेटचा आकडा आज चालत नाही.

एमआरआयबद्दल तुमच्या मुलानं विचारलंय, त्यात डाय नसते ना? साधा एमआरआय डायशिवाय होतो. डाय दिली तर ती गॅडोलिनियमची असते, आयोडीनच्या औषधापेक्षा अगदी वेगळी. एकाची रिअ‍ॅक्शन आली म्हणून दुसऱ्याची येईलच असं नाही, पण तिचीही येऊ शकते. मऊ भाग आणि मेंदू त्यात छान दिसतो. मात्र सीटी काही मिनिटांत उरकतो आणि एमआरआयला बऱ्याचदा पाऊण तास ते तास लागतो, म्हणजे भूल लांबते आणि खर्चही वाढतो. पाखऱ्याला झटके येत असते, तो एका बाजूला कलत असता, तर मी आधी एमआरआयकडे वळलो असतो. तसं काही तुमच्या पत्रात नाही.

गाठ निघाली, तिच्यावर रेडिएशन द्यायचं ठरलं आणि त्या आखणीसाठी डायचाच स्कॅन लागला, तर तो अशक्य नाही. माणसांच्या वैद्यकात असं दिसलंय की ज्याला एकदा रिअ‍ॅक्शन आली त्याला पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि औषध बदललं की ती कमी होते. त्यामुळे आधी वापरलेलं औषध टाळून दुसरं निवडतील, आणि म्हणूनच त्याचं नाव कागदावर हवं. स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन आधी देतात, तेही बहुतांशी माणसांच्या अनुभवावरून. त्यानं धोका उतरतो, पण शून्य होत नाही. ‘थोडं देऊन बघू’ ही चाचणी भरवशाची नाही, थोड्याशा औषधानंही जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. ज्या कुत्र्याला आधी त्रास झालाय त्याच्यासाठी भूल बघणारा माणूस वेगळा असावा, स्कॅनचं बटण दाबणाऱ्यानंच ते बघू नये. डाय गेल्यावर किमान अर्धा तास शिरेतली सुई काढू नये.

हे वाचून कुणी म्हणेल, पुण्यापर्यंत कशाला, मिरज जवळ आहे, माणसांच्या सेंटरमध्ये रात्री पेशंट नसताना करून घेऊ. मिरजेची वैद्यकी मला ठाऊक आहे, तिचा आदरही आहे. पण कुत्र्याच्या मापाची श्वासनळी, कुत्र्याला भूल देणारा डॉक्टर, त्याच्या पायाला बसणारा बीपीचा पट्टा आणि भरून ठेवलेली औषधं हे सगळं तिथे आहे का, हे आधी विचारा. एकही उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. पाखऱ्याच्या बाबतीत तरी नक्कीच नको.

भुलेच्या भीतीबद्दल. तुमचे मिस्टर डायला घाबरले आहेत की भुलेला, हे त्यांना शांतपणे विचारा, कारण दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलेचा अभ्यास झाला होता. त्यात धडधाकट कुत्र्यांत भुलेशी निगडित मृत्यू ०.०५ टक्के होते, म्हणजे दोन हजारांत एक. आजारी कुत्र्यांत ते १.३३ टक्के होते, म्हणजे पंचाहत्तरात एक. पाखऱ्या या दोन टोकांमध्ये कुठेतरी बसतो. बरेच मृत्यू भूल उतरतानाच्या पहिल्या काही तासांत होतात, म्हणून त्याला शुद्ध आली की लगेच गाडीत घालू नका. डायची रिअ‍ॅक्शनही कधीकधी काही तासांनी पुन्हा डोकं काढते. रात्री खंबाटकी घाटात गाडी अडकली आणि मागच्या सीटवर कुत्रं उलट्या करायला लागलं, तर तुम्ही काय करणार? एक मुक्काम करा. मागच्या वेळी त्यांनी ठेवून घेतलं, ते योग्यच केलं.

कारवानीबद्दल आणखी थोडं. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ, शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते आणि त्यांचं लिव्हर काही औषधं हळू निपटवतं, त्यामुळे थायोपेंटॉनसारख्या जुन्या भुलेतून ती फार उशिरा बाहेर येतात. हल्ली प्रोपोफॉल आणि गॅस वापरतात, तरी ‘कारवानी आहे’ हे स्वतःहून सांगा. अशी कुत्री अंगानं पातळ असल्यानं स्कॅनच्या थंड खोलीत लवकर गारठतात, तेव्हा त्याची घोंगडी सोबत न्या. आणि डाय किडनीवाटे बाहेर पडते. स्कॅननंतर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, केली होती का? नसेल तर आता लघवीसकट करून घ्या. ग्रेहाऊंडचं क्रिएटिनिन मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा थोडं वर असतं, कारवानीचंही तसं असू शकतं. म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका, स्कॅनच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. पुढच्या वेळी भुलेआधी पाणी तोडू नका, अन्नच तोडायचं असतं. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते डॉक्टर सांगतील.

आता सहीबद्दल. पुन्हा सही करायच्या आधी तुम्ही तिघांनी एका संध्याकाळी बसा आणि प्रत्येकानं वेगवेगळ्या कागदावर लिहा: बुरशी निघाली तर आपण नाकात औषध भरायच्या फेऱ्या करू का? गाठ निघाली तर रेडिएशनसाठी जिथे सोय असेल तिथे आठवड्यामागून आठवडे नेऊ का, तेवढा पैसा आणि रजा आहे का? दोन्हीला ‘नाही’ आलं तर पुन्हा भूल देऊन मिळणाऱ्या उत्तराचं तुम्ही काहीच करणार नाही, आणि मग तुमचे मिस्टर म्हणतात तेच बरोबर आहे. तेव्हा वेदनाशामक, घरी बसून काळजी, नाकातून रक्त आलं की नाकाच्या वरच्या बाजूला गार ओलं फडकं आणि शांत खोली, हाही उपचारच आहे. मात्र एक गोष्ट लपवणार नाही. नाकाची गाठ असेल आणि तिच्यावर काहीच केलं नाही, तर साधारण तीन महिन्यांच्या हिशेबानं बोलावं लागतं. बुरशीचं तसं नाही, तिचे उपचार अर्धवट सोडू नयेत. म्हणून नाव कळण्याची किंमत मला जास्त वाटते, आणि माझा कल दुर्बीण आणि तुकड्याकडे आहे. कागद आणि रिपोर्ट हातात आल्यावर तोही बदलू शकतो.

सोमवारी सकाळी फोन करा. भुलेच्या तक्त्याची प्रत आणि साध्या स्कॅनचा लेखी रिपोर्ट, एवढं मागा. रिपोर्टात त्या चाळणीच्या भिंतीबद्दल काय लिहिलंय ती ओळ, आणि पाखऱ्याच्या नाकाच्या शेंड्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो मला पाठवा. रंग कुठे फिकटलाय का, ते मला बघायचं आहे.